पाण्याच्या मापानं जगातला सर्वांत बलाढ्य धबधबा कोणता?

प्रश्न असा आहे: सर्वांत जास्त पाणी वाहून नेणाऱ्या धबधब्यांच्या याद्यांमध्ये मेळ का बसत नाही? एका यादीत आफ्रिकेतला इंगा पहिला, दुसरीत लाओसमधला खोन फाफेंग, तिसरीत नायगारा. एका जुन्या यादीत तर ग्वाइरा नावाचा धबधबा सगळ्यांच्या वर आहे आणि आजच्या नकाशावर तो सापडतच नाही. मग खरा क्रम कोणता, आणि आपल्याकडचा जोग यात कुठे बसतो?

माझं सगळं काम नद्यांचा विसर्ग मोजण्यातलं. त्यामुळे उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. खडकाळ उतारावरून कोसळत जाणारं पाणीही धबधब्यात धरायचं असेल, तर काँगो नदीवरच्या इंगाला तोड नाही. सरासरी सुमारे ४२ हजार घनमीटर पाणी दर सेकंदाला. संपूर्ण नदीनं एका कातळपट्टीवरून पायरी उतरली पाहिजे अशी अट घातली, तर आजच्या वाहत्या धबधब्यांत मेकाँगवरचा खोन पहिला. सरळ तुटलेल्या कड्यावरून, बारा महिने, भरपूर पाणी हवं असेल तर नायगाऱ्याचा हॉर्सशू हा मुख्य कडा. आणि १९८२ च्या ऑक्टोबरपर्यंत ग्वाइरा खोनच्याही पुढे होता. म्हणजे त्या चारही याद्या खोट्या नाहीत. धबधबा कशाला म्हणायचं आणि कोणत्या वेळचं पाणी मोजायचं, हे प्रत्येकीनं आपापलं ठरवलंय आणि वाचकाला सांगितलेलं नाही, एवढंच.

आधी एककाचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. पावसाळ्यात आपण बातम्यांत ‘धरणातून ३५ हजार क्युसेक विसर्ग’ ऐकतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. धबधब्यांच्या याद्या बहुधा घनमीटरमध्ये असतात, त्याला आमच्या कामात क्युमेक म्हणतात. एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. तेव्हा इंगाचे ४२ हजार क्युमेक म्हणजे जवळपास १४ लाख ८० हजार क्युसेक, तेही सरासरी; पुराचा आकडा वेगळाच. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. इंगाचं पाणी वळवून आणता आलं, तर रिकामं कोयना धरण वीस तासांच्या आत काठोकाठ भरेल. नायगाऱ्यावर उन्हाळ्यात दिवसा पडणारं पाणी साधारण एक लाख क्युसेक असतं. त्याला त्याच कामासाठी बारा दिवस लागतील. पहिल्या आणि प्रसिद्ध नावातलं हे अंतर डोक्यात ठेवा.

आता हे आकडे येतात कुठून? धबधब्यावर पाणी मोजता येत नाही. फेसाळलेल्या, हवा मिसळलेल्या पाण्यात कोणतंही यंत्र टिकत नाही आणि टिकलं तरी त्याच्या आकड्याला अर्थ नसतो. मोजणी होते ती वर किंवा खाली, जिथे पात्र सरळ आणि प्रवाह शांत असतो तिथे. पात्राच्या रुंदीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खोली मोजायची, करंट मीटरनं वेग घ्यायचा, क्षेत्रफळाला वेगानं गुणायचं आणि सगळ्या भागांची बेरीज करायची. हल्ली होडीला ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र लावून नदी आडवी कापली की हेच काम पटकन होतं. वेगवेगळ्या पाणीपातळ्यांना अशी मोजणी करून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख बनवतात, त्याला रेटिंग कर्व्ह म्हणतात. एकदा तो हाती आला की रोज फक्त मापनपट्टीवरची पातळी वाचायची. मेख अशी की महापुरात नदीत उतरून कोणी मोजत नाही. आलेखाची रेष पुढे ओढून पुराचा आकडा काढला जातो. म्हणून ‘विक्रमी विसर्ग’ म्हणून छापलेला कोणताही आकडा शेवटच्या अंकापर्यंत खरा मानू नका. ४५ हजार ७०० म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास, असं वाचायचं.

मोजणीचं ठिकाण बदललं की क्रमवारीही बदलते. खोनच्या वर लाओसमध्ये पाक्से इथे मापनकेंद्र आहे, तिथे मेकाँगची सरासरी १० हजार क्युमेकच्या आसपास येते. खोनच्या खाली कंबोडियात स्तुंग त्रेंगला मोजलं तर १३ हजारांच्या आसपास. पण मधल्या टप्प्यात सेकाँग, सेसान आणि स्रेपोक या तीन उपनद्यांचं एकत्र झालेलं पाणी मेकाँगला मिळतं, आणि ते काही खोनवरून पडलेलं नसतं. खालचा आकडा उचलून धबधब्याला चिकटवला की धबधबा कागदावर तीस टक्क्यांनी फुगतो.

इंगाच्या बाबतीत सुदैवानं ही अडचण नाही. त्याचा आकडा वरच्या अंगाला किन्शासाला घेतलेल्या नोंदींवरून येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या या नोंदी आहेत आणि किन्शासा ते इंगा या टप्प्यात नदीचं माप बदलेल इतकी मोठी उपनदी नाही. काँगोचं पाणलोट क्षेत्र सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या भारताहून मोठं. आणि तो प्रदेश विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. उत्तरेकडे पावसाळा असतो तेव्हा दक्षिणेकडे उघडीप, आणि उलट. त्यामुळे नदी कधीच आटत नाही. शंभर वर्षांच्या नोंदींत किन्शासाचा नीचांक २२-२३ हजार क्युमेकच्या आसपास आहे आणि १९६१ च्या महापुराचा उच्चांक ७५ हजारांच्या वर. कमाल आणि किमान यांत साडेतीन पटींचा फरक. चार महिने दुथडी आणि एप्रिलमध्ये डबकी, अशा नद्यांवर ज्याची उमेदवारी गेली त्याला हा आकडा बघून हेवाच वाटतो.

इंगाला ही नदी एका मोठ्या वळणावर सुमारे १५ किलोमीटरमध्ये ९६ मीटर उतरते. एकच उडी नाही. धार, खड्डा, भोवरा, पुन्हा धार, असं चालतं. याच कारणासाठी काही जण इंगाला धबधबा मानत नाहीत. त्यांचं म्हणणं चूक म्हणता येणार नाही, कारण किती अंशांच्या उताराला धबधबा म्हणायचं याचा निकाल देणारी कोणतीही जागतिक संस्था नाही. मी मात्र इंगाला यादीत ठेवतो. किन्शासाजवळच्या मलेबो डोहापासून मातादी बंदरापर्यंतच्या ३५० किलोमीटरमध्ये नदी २७० मीटर उतरते. त्या सगळ्या साखळीला लिव्हिंगस्टन धबधबे म्हणतात आणि इंगा हा त्यातला सर्वांत तीव्र तुकडा. या खालच्या काँगोत शास्त्रज्ञांनी ध्वनियंत्र लावून खोली मोजली तेव्हा काही ठिकाणी ती २०० मीटरच्याही पुढे गेली. जगातली सर्वांत खोल नदी म्हणून काँगोचं नाव घेतलं जातं ते त्यामुळे. इतक्या खोलीत, काळोखात राहणारा एक फिकट, आंधळा मासाही तिथे सापडला आहे.

प्रवाहाची ताकद कशावरून ओळखावी असं कोणी विचारलं तर मी नकाशावर रेल्वे शोधायला सांगतो. १८१६ मध्ये ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन टकी समुद्रातून काँगोत शिरला आणि याच उतारांनी त्याला अडवलं. १८७७ मध्ये शोधप्रवासी स्टॅन्ली उलट्या दिशेनं, म्हणजे वरून खाली आला आणि याच टप्प्यात त्याचा शेवटचा युरोपीय सोबती फ्रँक पोकॉक बुडाला. पुढे १८९० ते १८९८ या काळात मातादी ते किन्शासा अशी ३६० किलोमीटरहून लांब रेल्वे बांधली गेली, केवळ हे पाणी टाळण्यासाठी. बांधकामात मजुरांचे अतोनात बळी गेले. त्याच नदीवर आणखी वर बोयोमा धबधबे आहेत, ज्यांना आधी स्टॅन्लीचं नाव होतं. १०० किलोमीटरवर पसरलेल्या सात पायऱ्या, मिळून उतार फक्त ६० मीटरच्या आसपास, पाणी सुमारे १७ हजार क्युमेक. तिथेही वळसा घालून जाणारी रेल्वे १९०६ मध्ये सुरू झाली. बोयोमाच्या शेवटच्या पायरीवर, किसांगानीजवळ, वागेनिया कोळी प्रवाहात लाकडी ओंडक्यांच्या तिकाट्या रोवून त्यांना मोठाल्या शंकूच्या आकाराच्या टोपल्या बांधतात आणि मासे धरतात. एवढ्या जोराच्या पाण्यात ते खांब टिकतात कसे, हा कुठल्याही स्थापत्य अभियंत्यानं जाऊन बघावा असा विषय आहे.

खोनलाही रेल्वे झाली. फ्रेंचांना मेकाँगमधून चीनपर्यंत जलमार्ग हवा होता. १८६६ मध्ये निघालेल्या दूदार द लाग्रे यांच्या मोहिमेनं खोन बघितला आणि आगबोट इथून वर जाणार नाही हे उघड झालं. मग १८९० च्या दशकात तिथल्या बेटावर छोटी रेल्वे टाकून बोटी आणि माल धबधब्याच्या वर ओढून नेला जाऊ लागला. लाओसमध्ये कितीतरी वर्षं तेवढीच रेल्वे होती.

खोन कडा म्हणून बघायला गेलात तर निराशा होण्याची शक्यता आहे. उंची जेमतेम २१ मीटर. पण बेटं धरून त्याची रुंदी १० किलोमीटरच्या वर जाते, आणि या बाबतीत त्याच्या जवळपास कोणी नाही. सि फान दोन, म्हणजे चार हजार बेटं, या नावाच्या प्रदेशात मेकाँग असंख्य फाट्यांत फुटते आणि प्रत्येक फाटा आपापल्या जागी कातळ उतरतो. खोन फाफेंग हा त्यातला पूर्वेकडचा, सर्वांत मोठा फाटा. पाण्याचा जो आकडा छापला जातो तो सगळ्या फाट्यांचा मिळून असतो, आणि छायाचित्र मात्र एकट्या फाफेंगचं. पुरात इथे ४० हजार क्युमेकच्याही वर पाणी गेल्याच्या नोंदी आहेत. उंची कमी असलेल्या सगळ्याच धबधब्यांची एक गंमत असते. पूर चढतो तशी खालची पातळीही चढते आणि दोन्हींतलं अंतर कमी होत जातं. पाणी सर्वांत जास्त असतं तेव्हा उडी सर्वांत बुटकी दिसते. इथल्या हौ साहोंग फाट्यात मोठी पायरी नव्हती, म्हणून मासे कोरड्या दिवसांत त्यातून वर चढायचे. आता त्याच फाट्यावर ‘दोन साहोंग’ नावाचा वीजप्रकल्प उभा आहे, २०२० मध्ये तो २६० मेगावॅट क्षमतेनं सुरू झाला. मासे वर जावेत म्हणून शेजारचे फाटे उकरून सोपे केले आहेत. ते पुरेसं आहे का, यावर अजून वाद चालू आहे.

आता नकाशावरून गेलेला ग्वाइरा. पोर्तुगीज नाव सेते केदास, सात धबधबे. ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवर पाराना नदी पसरट पात्रातून येऊन एकदम अरुंद घळीत शिरत असे, सात गटांत विभागलेल्या अठरा धारांनी. सरासरी १३ हजार क्युमेक, म्हणजे नायगाऱ्याच्या आजच्या दिवसाच्या पाण्याच्या साडेचार पटींहून जास्त, आणि मोठ्या धारांची उंची ३०-४० मीटर. उंची आणि पाणी दोन्ही एका जागी असणं दुर्मीळच. ग्वाइराला ते दोन्ही होतं. त्यालाही टाळून जाणारी साठेक किलोमीटरची रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका यर्बा माते पिकवणाऱ्या कंपनीनं टाकली होती.

१९७३ मध्ये दोन्ही देशांनी करार केला आणि खालच्या अंगाला इताइपू धरणाचं काम सुरू झालं. धरणाचा फुगवटा ग्वाइराच्या डोक्यावरून जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शेवटचं दर्शन घ्यायला लोकांची रीघ लागली. १९८२ च्या जानेवारीत धारांवरचा एक झुलता पूल गर्दीत तुटला आणि तीसहून जास्त माणसं दगावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दारं बंद झाली आणि चौदा दिवसांत जलाशय भरला. या चौदा दिवसांचं सगळ्यांना नवल वाटतं, पण हिशेब करून पाहा. साठा २९ अब्ज घनमीटर, म्हणजे हजारावर टीएमसी. चौदा दिवसांत तो भरायचा तर सेकंदाला सरासरी २४ हजार घनमीटर आवक हवी, नदीच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. याचा अर्थ नदी त्या वेळी पुरात होती. साधारण आवक असती तर याला महिना लागला असता. धबधबा बुडाला तो भरल्या अंगानं.

बदल्यात काय मिळालं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ७०० मेगावॅटचे वीस संच, एकूण १४ हजार मेगावॅट. २०१६ मध्ये इताइपूनं १०३ अब्ज युनिटच्या वर वीज दिली. पॅराग्वेची गरज तर बहुतांशी याच धरणावर भागत आली आहे. सौदा योग्य होता की नाही, यावर माझं मत विचाराल तर धरणाची उंची थोडी कमी ठेवून ग्वाइरा वाचवण्याचा पर्याय जास्त गांभीर्यानं तपासायला हवा होता. वीज कमी मिळाली असती, हे मान्य. पण धरण पुढेही बांधता येतं, आणि तसा धबधबा पुन्हा मिळत नाही.

अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवरचा सेलिलो असाच गेला. १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाची दारं बंद झाली आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली. याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज, नेझ पर्स या जमातींची हजारो वर्षांची सॅमन मासेमारी त्या एका दिवसात थांबली. २००८ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी ध्वनियंत्रानं तळ तपासला, तेव्हा कातळ होता तसाच शाबूत दिसला. धबधबा मेलेला नाही, बुडवून ठेवलेला आहे.

आणि नायगारा? नायगारा नळासारखा चालतो, असं म्हटलं तर कोणी रागावू नये. नदीचं सरासरी पाणी ५,७०० क्युमेकच्या आसपास. १९५० च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा किमान एक लाख क्युसेक, म्हणजे २,८३२ क्युमेक धबधब्यावर सोडायचं. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं चालतं. उरलेलं पाणी वरच्या बाजूनं बोगद्यांत जातं, वीजघरांतून फिरतं आणि बरंच खाली नदीला परत मिळतं. दिवसा दिसणारा नायगारा म्हणजे अर्धी नदी, मध्यरात्रीचा म्हणजे पाव. जे उरतं त्यातलं नव्वद टक्के हॉर्सशूवरून पडतं, ५७ मीटरचा कडा. तरीही पाणी इतकं स्थिर, की बारा महिन्यांत कधीही जा, धबधबा हजर. त्याचं श्रेय वरच्या ईरी सरोवराला. सरोवर म्हणजे निसर्गानं बांधलेला साठवण तलाव; पाऊस पडो न पडो, तोंडाशी पातळी फारशी हलत नाही. वारा मात्र हलवतो. नैऋत्येचा जोरदार वारा सुटला की सरोवराचं पाणी बफेलोच्या टोकाला ढकललं जातं आणि नदी फुगते. मार्च १८४८ मध्ये बर्फानं तोंडच बुजलं आणि धबधबा एका दिवसाहून जास्त काळ जवळपास कोरडा पडला होता. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बाजूचा छोटा धबधबा अभियंत्यांनी मुद्दाम बांध घालून काही महिने बंद ठेवला, खडक तपासायला.

याच्या नेमकं उलटं टोक म्हणजे ब्राझील-अर्जेंटिना सीमेवरचा इग्वासू. सरासरी १,७५० क्युमेक, नायगाऱ्यापेक्षा कमी. पण वर सरोवर नाही, आणि पाणलोटात वादळी पाऊस झाला की नदी वेडी होते. जून २०१४ मध्ये तिथे ४५ हजार क्युमेकच्या वर विसर्ग गेला, सरासरीच्या पंचवीस पट. त्या दिवशी इग्वासूवरून इंगाच्या सरासरीपेक्षा जास्त पाणी पडत होतं. तेव्हा ‘सर्वाधिक’ म्हणजे वर्षाच्या सरासरीत की एखाद्या दिवशी, हे स्पष्ट केल्याशिवाय तुलना करू नये. आपल्याकडच्या धबधब्यांबद्दलचे बहुतेक डांगोरे याच फटीतून घुसतात. ऑगस्टमधल्या एका दिवसाचा आकडा घेऊन त्याची तुलना दुसऱ्याच्या वर्षभराच्या सरासरीशी केली जाते.

प्रश्नात ‘बलाढ्य’ असा शब्द असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, उंचीही हवी. विसर्गाला उंचीनं आणि ९.८ नं गुणलं की किलोवॅट मिळतात. हे गणित केल्यावर काही धक्के बसतात. इंगा सुमारे ३९ हजार मेगावॅट. तिथल्या प्रस्तावित महाप्रकल्पाची चर्चा ४० हजारांच्या आकड्याभोवती का फिरते, ते यावरून कळेल. प्रत्यक्षात तिथे १९७२ चं ३५१ मेगावॅटचं आणि १९८२ चं १,४२४ मेगावॅटचं अशी दोनच वीजघरं आहेत, तीही मुख्य पात्र न अडवता बाजूच्या दरीतून पाणी घेणारी. खोन २ हजारांच्या आसपास. नायगारा दिवसा १,४०० च्या घरात, आफ्रिकेत झांबेझी नदीवरचा व्हिक्टोरिया ११०० च्या. आणि गयानाच्या जंगलातला कायेतूर, ज्याचं नाव फार जणांनी ऐकलेलं नसतं, पाणी फक्त ६६३ क्युमेक, पण २२६ मीटरची एकसलग उडी, त्यामुळे तोही १,४०० च्या वर. म्हणजे नायगाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी पाण्यात तेवढीच ताकद. मला स्वतःला हा धबधबा सगळ्या यादीत सर्वांत तोलदार वाटतो. व्हेनेझुएलाचा एंजेल ९७९ मीटरवर उंचीत पहिला, पण पाण्याच्या यादीत त्याला जागा नाही. कोरड्या दिवसांत त्याची धार तळाला पोचेपर्यंत तुषार होते.

आता आपल्याकडे. इग्वासू, ग्वाइरा आणि व्हिक्टोरिया तिन्ही बेसॉल्टवर आहेत, आपल्या सह्याद्रीसारख्याच लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या खडकावर. पारानाचा लाव्हा सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला साडेसहा कोटींचा. खडक तोच, मग महाराष्ट्रात इग्वासू का नाही? कारण आपला मोठा कडा पश्चिमेला आणि मोठ्या नद्या पूर्वेला. सह्याद्रीवर पाणी पूर्व-पश्चिम विभागणारी रेष कड्याच्या अगदी धारेवर आहे. कोकणात कोसळणाऱ्या ओढ्यामागे डोंगरमाथ्याचा जेमतेम एक तुकडा असतो. उंची मिळते, पाणी मिळत नाही. गोदावरी, भीमा, कृष्णा उगम पावतात आणि लगेच मंद उतारावरून पूर्वेला निघतात. पाणी जमतं तोवर कडा मागे राहून गेलेला असतो. पैनगंगेवरच्या सहस्रकुंडासारख्या ठिकाणी मोठ्या नदीला बेसॉल्टची पायरी भेटते, म्हणून ऑगस्टमध्ये तो धबधबा उंचीच्या मानानं फार दणकट वाटतो.

जोगचं तसं नाही. शरावती घाटमाथ्यावर बरंच अंतर वाहून, पाणी गोळा करून मग २५३ मीटर खाली पडते. उंची आणि पाणी यांचा मिलाफ आपल्याकडे तिथे होता. ‘होता’ म्हणतो, कारण १९६४ मध्ये वर लिंगनमक्की धरण झालं. १५१ टीएमसीचा साठा, आणि त्यातलं पाणी धबधब्याला बगल देऊन १,०३५ मेगावॅटच्या शरावती वीजघराकडे जातं. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट या चार धारा पूर्ण भरात बघायच्या तर जोरदार पावसाळा हवा, आणि धरण भरून सांडवा सुरू झाला असेल तर नशीबच. वर्षाच्या सरासरीत जोग जागतिक यादीच्या पहिल्या रांगांत येत नाही, धरणाआधीही आला नसता. भंडारदऱ्याच्या रंधा धबधब्याचंही तेच. वरच्या विल्सन धरणातून काय सोडलंय त्यावर सगळं अवलंबून. बस्तरमधल्या इंद्रावतीवरच्या चित्रकोटला ‘भारताचा नायगारा’ म्हणतात. घोड्याच्या नालेचा आकार आणि पावसाळ्यातली सुमारे ३०० मीटरची रुंदी एवढ्यापुरतं ठीक आहे, पण उंची तिशीच्या आसपास आणि उन्हाळ्यात दोन-तीन बारीक धारा. स्वतःच्या नावानं तो पुरेसा देखणा आहे.

डेन्मार्क सामुद्रधुनीचं नावही अलीकडे अशा याद्यांच्या डोक्यावर दिसतं. ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामध्ये समुद्राखाली उत्तरेकडचं गार, जड पाणी उंबरठा ओलांडून खालच्या खोल भागात उतरत जातं. सेकंदाला ३० लाख घनमीटरच्या आसपास, जगातल्या सगळ्या नद्यांच्या एकत्रित पाण्याच्या दुपटीहून जास्त. पण त्याचा उतार सौम्य आहे, वेग सेकंदाला मीटरभर, आणि ते पाण्यातून पाणी सरकणं आहे. समुद्रशास्त्रासाठी ही फार महत्त्वाची गोष्ट, धबधब्यांच्या यादीत मी ती घेत नाही.

जाऊन बघायचं असेल तर वेळ नीट निवडा. व्हिक्टोरियाचं पाणी एप्रिलमध्ये सर्वांत जास्त असतं, पाऊस संपून गेल्यावर, कारण झांबेझीचा पूर वरच्या बारोत्से मैदानात पसरून हळूहळू खाली येतो. पण तेव्हा तुषारांत कडा दिसत नाही. कडा बघायचा तर जून-जुलै बरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूला नुसता कातळ उरतो. खोन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाण्यासाठी, जानेवारीत खडक आणि फाटे कळण्यासाठी. नायगारा उन्हाळ्यात सकाळी आठ ते रात्री दहा या वेळेतच बघा, पूर्ण लाख क्युसेक तेव्हाच असतात. इग्वासूला निघण्याआधी वरच्या धरणांचा विसर्ग बघून घ्या. फार वाढला की ‘सैतानाचा घसा’ या तिथल्या मुख्य धारेकडे जाणारा पूल बंद करतात.